औषधाची आणि जंतूची गाठ कुठे पडते?

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा जपानमध्ये निम्म्याहून अधिक लोकांच्या पोटात जंत होते. शेताला मैल्याचं खत घालत, त्या मातीतून भाजीवर गोल जंतांची अंडी येत आणि भाजीबरोबर पुन्हा माणसाच्या पोटात जात. यावर उपाय म्हणून शाळेतल्या मुलांना एक काढा पाजला जाई. उग्र वासाचा, मुलांना मुळीच न आवडणारा. तो होता डायजेनिया सिम्प्लेक्स नावाच्या लाल समुद्रशेवाळाचा. जपानी लोक त्याला काइनिनसो म्हणतात, माकुरीही म्हणतात. उबदार समुद्रातल्या खडकांवर ते वाढतं. जंतांवर ते देण्याची रीत तिथे जुनी होती. युद्धानंतरच्या टंचाईत ती देशभर कामाला आली.

१९५३ मध्ये जपानी रसायनशास्त्रज्ञांनी या शेवाळातलं नेमकं गुणकारी द्रव्य वेगळं काढलं. त्याला नाव मिळालं कायनिक आम्ल. त्याची रचना ग्लुटामेटशी मिळतीजुळती आहे आणि ग्लुटामेट म्हणजे मज्जापेशींनी एकमेकींना निरोप देण्यासाठी वापरायचं रसायन. कायनिक आम्ल जंताच्या मज्जासंस्थेत शिरून ग्लुटामेटची जागा घेतं. जंत आधी बेभान होतो, मग लुळा पडतो. आतड्याला धरून राहण्याचं बळ गेलं की शौचावाटे बाहेर फेकला जातो. रुग्णाला द्यायची मात्रा अवघी काही मिलिग्रॅम. ती आतड्यात असते, जंतही आतड्यातच असतो, आणि माणसाच्या मेंदूपर्यंत त्यातलं फारसं काही पोचत नाही.

वनस्पतींच्या आणि शेवाळांच्या अर्कांविषयी मी जे काही वाचत आलो, त्यातून एक प्रश्न मला इतर सगळ्या प्रश्नांहून उपयोगी वाटू लागला आहे. अर्कात औषधी गुण आहे का, हे तर विचारावंच. पण तो अर्क आणि तो जंतू यांची शरीरात गाठ कुठे पडणार, हेही विचारावं. आपल्याकडे बाळाच्या पाण्यात वावडिंग उकळतात. त्यातल्या एम्बेलिन या द्रव्याचा जंतांवरचा परिणाम अभ्यासला गेला आहे. इथेही औषध तोंडावाटे जातं आणि जंत असतो त्याच नळीत उतरतं. जंतांवरच्या जुन्या उपायांची परंपरा जगभर इतकी भक्कम का, याचं बरंचसं उत्तर या सरळ वाटेत आहे.

तीच वाट बदलली की तेच द्रव्य काय करतं, हेही कायनिक आम्लानेच दाखवलं. १९७० च्या दशकात संशोधकांनी ते उंदरांच्या थेट मेंदूत टोचलं. उंदरांना झटके आले, ठरावीक भागातल्या मज्जापेशी मेल्या. फेफरं आणि हंटिंग्टनचा आजार यांच्या अभ्यासाला त्यातून एक साधन मिळालं, आणि ग्लुटामेटचा निरोप टिपणाऱ्या, पेशींवरच्या ग्राहकांपैकी एका कुळाला या शेवाळी आम्लाचंच नाव पडलं. पुढे मेंदूविज्ञानाची गरज इतकी वाढली की २००० सालाच्या सुमारास कायनिक आम्लाचा तुटवडा पडून जगभरातले प्रयोग अडले.

याच आम्लाचं भावंड म्हणजे डोमोइक आम्ल. तेही जपानमध्येच, कॉन्ड्रिया आर्माटा या दुसऱ्या लाल शेवाळात १९५८ मध्ये सापडलं, आणि तेही जंतांवर वापरलं गेलं होतं. १९८७ च्या हिवाळ्यात कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड बेटावरचे शिंपले खाऊन शंभरावर माणसं आजारी पडली. उलट्या झाल्या, काहींना झटके आले, काहींची स्मृती कायमची गेली आणि वयस्क रुग्णांपैकी तिघे दगावले. समुद्रातल्या एका सूक्ष्म एकपेशीय शैवालाने बनवलेलं डोमोइक आम्ल शिंपल्यांच्या अंगात साठलं होतं. जपानमध्ये जंतांसाठी वीसेक मिलिग्रॅम दिलं जाई. कॅनडातल्या आजारी माणसांच्या पोटात साधारण ६० ते २९० मिलिग्रॅम गेलं असावं, असा अंदाज निघाला. ‘नैसर्गिक आहे, अपाय काय होणार’ असं कुणी म्हणालं की मला हे शिंपले आठवतात.

विषाणूची गोष्ट जंतापेक्षा अवघड. जंत डोळ्यांना दिसतो, स्वतःचं अंग घेऊन वावरतो. विषाणू आपल्या पेशीत घुसून तिचीच यंत्रणा वापरतो, म्हणून त्याला मारताना पेशी वाचवावी लागते. तरी एक क्षण असा असतो की तो अजून बाहेर असतो. पेशीच्या दाराशी आलेला, पण आत न शिरलेला. समुद्रशेवाळांचं बळ नेमकं त्या क्षणी चालतं.

१९५८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी कोंबडीच्या अंड्यांतल्या गर्भांना इन्फ्लुएन्झा बी आणि गालगुंडाच्या विषाणूंची लागण केली आणि त्यांना लाल शेवाळांचा अर्क दिला. गर्भांचं काही प्रमाणात रक्षण झालं. अर्कात काम करत होत्या त्या लांबलचक शर्करासाखळ्या. अशा साखळ्या आपल्या ओळखीच्या आहेत. उपासाला किंवा खरवसासारखं काही जमवायला आणतो त्या चायना ग्रासमधलं अगार लाल शेवाळांतूनच येतं. त्याचा जवळचा नातलग कॅराजीनन आइस्क्रीम आणि टूथपेस्टमध्ये घट्टपणा आणायला वापरतात. कॅराजीननच्या साखळीवर जागोजाग सल्फेटचे गट असतात आणि त्यामुळे तिच्यावर ऋण विद्युतभार असतो. आपल्या पेशींच्या अंगावरही हेपरान सल्फेट नावाच्या अशाच ऋणभारित साखळ्या असतात आणि बरेच विषाणू पेशीला आधी तिथेच चिकटतात. वाटेत कॅराजीनन पसरलेलं असलं तर विषाणू त्यालाच पेशी समजून बिलगतो. आघाड्याचं बी वाटसरूच्या धोतराला लागून भलतीकडे जावं तसा तो पेशीपर्यंत येतच नाही.

काचेच्या बशीत हा उपाय एचआयव्हीवरही चालला. आशा फार मोठी होती. जोडीदार निरोध वापरायला तयार नसेल तर स्त्रीला स्वतःच्या हातात काही संरक्षण हवं होतं आणि शेवाळापासून केलेलं, स्वस्त, बिनवासाचं जेल यापेक्षा चांगलं काय असणार? पॉप्युलेशन कौन्सिलने कॅरागार्ड नावाचं कॅराजीननचं जेल बनवलं आणि २००४ पासून दक्षिण आफ्रिकेत केपटाउन, डर्बन आणि प्रिटोरियाजवळच्या तीन ठिकाणी ६,२०२ स्त्रियांवर त्याची चाचणी घेतली. निष्कर्ष २००८ च्या डिसेंबरमध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. जेल वापरणाऱ्या गटात दर शंभर स्त्री-वर्षांमागे ३.३ जणींना एचआयव्हीची लागण झाली, बिनऔषधी जेलच्या गटात ३.८ जणींना. हा फरक योगायोगानेही पडू शकतो इतका लहान होता. जेल निरुपद्रवी होतं, पण एचआयव्हीला अडवत होतं असं म्हणता येत नव्हतं.

या चाचणीतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा आकडा वेगळाच आहे. मागच्या संबंधाच्या वेळी जेल वापरलं का, असं विचारल्यावर ९६ टक्के स्त्रियांनी हो म्हटलं. जेल आत सोडायच्या, परत आलेल्या नळ्या रंगचाचणीने तपासल्या तेव्हा जेमतेम ४२ टक्के संबंधांच्या वेळी जेल वापरलं गेल्याचं दिसलं. या बायकांना खोटं बोलायची हौस नव्हती. अंधारात, घाईत, नवऱ्याच्या किंवा जोडीदाराच्या धाकात दर वेळी एक नळी वापरायची, हे किती कठीण आहे ते त्या आकड्यात दिसतं. औषध आणि विषाणू यांची गाठ रसायनशास्त्राच्या पुस्तकात नक्की ठरलेली होती. प्रत्यक्षात निम्म्याहून अधिक वेळा ती पडलीच नाही. पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत कडुनिंबावर बेतलेल्या ‘प्रनीम’ या योनीत ठेवायच्या गोळीचा अभ्यास झाला, तेव्हा गोळी सुरक्षित आहे का याबरोबरच बायकांना आणि त्यांच्या नवऱ्यांना ती चालते का, हेही विचारलं गेलं. तो प्रश्न दुय्यम मुळीच नाही.

नाकात मात्र कॅराजीननचा जम बरा बसला. सर्दीचा विषाणू नाकाच्या अस्तरावर उतरतो आणि तिथेच वाढतो. फवारा मारला की औषधही तिथेच. कॅराजीननचा रेणू इतका मोठा आहे की तो रक्तात फारसा जात नाही. पोटातून घेतलं तर हा दोष ठरला असता, नाकात तो गुण ठरतो. आयोटा या प्रकारच्या कॅराजीननचे फवारे युरोपात सर्दीसाठी विकले जातात आणि लहान चाचण्यांत त्यांनी विषाणूंचं प्रमाण कमी केल्याचं दिसलं आहे. कोविडच्या काळात अर्जेंटिनात ३९४ रुग्णालय कर्मचाऱ्यांवर एक चाचणी झाली. तीन आठवडे दिवसातून चार वेळा फवारा घेणाऱ्या १९६ जणांत दोघांना कोविड झाला, नुसतं खारं पाणी फवारणाऱ्या १९८ जणांत दहांना. दिलासा देणारा निकाल. पण एकूण रुग्ण बाराच. एवढ्यावरून मुखपट्टी किंवा लस बाजूला ठेवावी असं कुणी म्हणू नये. असा अभ्यास हजारो माणसांवर व्हायला हवा, आणि स्वस्त, सुरक्षित पदार्थाच्या अशा चाचणीला पैसा मिळणं हीच मोठी अडचण असते. ज्यात नफा थोडा, त्याचा पुरावाही थोडाच राहतो, हे मला खरोखर टोचतं.

न्यूझीलंडच्या किनाऱ्यावरच्या ग्रिफिथ्सिया या लाल शेवाळातून ग्रिफिथ्सिन नावाचं १२१ अमिनो आम्लांचं प्रथिन मिळालं. त्याबद्दलचा शोधनिबंध २००५ चा. एचआयव्हीच्या पृष्ठभागावरच्या विशिष्ट शर्करांना ते इतकं घट्ट धरतं की अत्यल्प प्रमाणातही विषाणू जखडला जातो. समुद्रातून ते पुरेसं गोळा करणं अशक्य होतं. संशोधकांनी तंबाखूच्या जातीच्या एका रोपात त्याचं जनुक घालून पाच हजार चौरस फुटांच्या हरितगृहातून साठ ग्रॅमहून अधिक प्रथिन काढलं. शेवाळाला हातही न लावता शेवाळाचं औषध!

हिवतापाच्या आर्टेमिसिनिनची कहाणी आता बऱ्याच वाचकांना माहीत आहे, म्हणून एकच गोष्ट सांगतो. चीनच्या तू योयो यांच्या गटाला आर्टेमिसिया या वनस्पतीच्या नेहमीच्या काढ्यातून भरवशाचा परिणाम मिळेना. चौथ्या शतकातल्या गे होंग यांच्या ग्रंथात पाला नुसता पाण्यात भिजवून पिळायला सांगितलं होतं. त्यावरून उष्णतेने गुण जात असावा हे तू यांच्या ध्यानात आलं. त्यांनी कमी तापमानाला उकळणारं इथर वापरलं आणि १९७१ च्या ऑक्टोबरमध्ये उंदरांच्या हिवतापावर पूर्ण गुण आला. २०१५ चं नोबेल त्याचंच. हे द्रव्य काम करतं ते परजीवीने रक्तपेशीतलं हिमोग्लोबिन पचवताना मोकळ्या होणाऱ्या लोहाशी भिडून. म्हणजे ज्या जागी परजीवी जेवतो, त्याच जागी औषध पेटतं. मात्र त्यासाठी रक्तात पुरेशी मात्रा पोचावी लागते, आणि पाल्याच्या चहातून ती किती पोचेल याची खात्री नसते. जागतिक आरोग्य संघटना असा चहा हिवतापावर घेऊ नका म्हणते ते म्हणूनच.

आता आपल्या अंगणातली भुईआवळी. कावीळ झाली की ती वाटून ताकातून देणारी माणसं महाराष्ट्रात गावोगाव आहेत. तिची कहाणी फार थोरांपर्यंत पोचलेली आहे. हिपॅटायटिस बीच्या शोधासाठी १९७६ चं नोबेल मिळालेले बरूच ब्लूमबर्ग यांनी भारतीय सहकाऱ्यांसह तिच्या अर्काचा अभ्यास केला. १९८७ च्या त्यांच्या निबंधात हा अर्क हिपॅटायटिस बीवर आणि अमेरिकेतल्या वुडचक या प्राण्याच्या तशाच विषाणूवर परिणाम करतो असं दिसलं. १९८८ मध्ये मद्रासच्या त्यागराजन यांच्या गटाचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये आला. एक महिना भुईआवळी घेतलेल्या ३७ वाहकांपैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूचं पृष्ठ-प्रतिजन नाहीसं झालं होतं; बिनऔषधी गोळी घेतलेल्या २३ जणांत फक्त एकाच्या. इतका ठळक निकाल क्वचित दिसतो. पण पुढे थायलंडमध्ये आणि अन्यत्र प्रयोग झाले तेव्हा तसा गुण पुन्हा दिसला नाही. वनस्पतीची जात वेगळी होती का, माती वेगळी होती का, की पहिलाच गट लहान होता, यावर बरीच चर्चा झाली. अवघड जागा मात्र सगळीकडे तीच होती. हा विषाणू यकृताच्या पेशीच्या केंद्रकात आपल्या डीएनएचं एक बंद कडं करून बसतो. आजची प्रभावी औषधंही त्याची वाढ रोखतात, ते कडं सहसा पुसू शकत नाहीत. गिळलेल्या पाल्याला पोट, रक्त, यकृतपेशी आणि केंद्रक एवढे उंबरे ओलांडून तिथे जायचं आहे.

तरीही भुईआवळीने कावीळ उतरल्याचा अनुभव लोक शपथेवर सांगतात आणि ते खोटं बोलत नाहीत. आपल्याकडची बरीचशी कावीळ दूषित पाण्यातून येणाऱ्या हिपॅटायटिस ए आणि ई विषाणूंची असते, आणि बहुतेकांची ती चार-सहा आठवड्यांत आपोआप उतरते. त्या काळात जे दिलं त्याला श्रेय मिळतं. पण गरोदर बाईला हिपॅटायटिस ई झाला तर जीवावर बेतू शकतं, आणि बी प्रकार वर्षानुवर्षं गुपचूप यकृत पोखरतो. म्हणून पाला द्यायचाच असेल तरी रक्त तपासून कावीळ कोणत्या विषाणूची आहे ते आधी कळलंच पाहिजे.

कोकणच्या किनाऱ्यावरही ही रासायनिक संपत्ती आहे. मालवण-रत्नागिरीच्या खडकांवर सरगॅसमसारखी तपकिरी शेवाळं वाढतात आणि त्यांच्यातही फ्युकॉयडन नावाची सल्फेटयुक्त शर्करा असते. पण एकाच जातीच्या शेवाळातलं अशा द्रव्यांचं प्रमाण ऋतूप्रमाणे, पाण्याच्या खारटपणाप्रमाणे आणि शेवाळाच्या वयाप्रमाणे बदलतं. थंडीत गोळा केलेल्या शेवाळाचा अर्क आणि पावसाळ्याआधीचा अर्क हे दोन वेगळे पदार्थ असू शकतात. दोन प्रयोगशाळांचे निकाल जुळले नाहीत की दोष कुणाचा यावर वाद होतो, आणि पुष्कळदा कारण एवढंच असतं. अशा नमुन्यावर जातीचं पक्कं नाव, गोळा केल्याची जागा, महिना आणि वाळवण्याची पद्धत लिहून ठेवायला खर्च जवळजवळ काहीच येत नाही. भुईआवळीच्या बाबतीत सुरुवातीपासून एवढं झालं असतं, तर मद्रास आणि थायलंड यांच्यातला फरक पानाचा होता की माणसांचा, हे कदाचित तेव्हाच सांगता आलं असतं.