पानांची नक्षी आणि पाखराचा डोळा

रोहित पक्ष्यांच्या मोसमात ऐरोलीच्या धक्क्यावर बोटीसाठी माणसं जमतात, तेव्हा त्यांच्यात काही लेन्स झाडासारख्या सजवलेल्या दिसतात. लांबलचक नळीवर ओकची भेगाळलेली साल, सुकी पानं आणि गवताच्या काड्या छापलेल्या असतात. मागे ठाण्याच्या खाडीकाठी तिवरांची हिरवीगार भिंत असते. त्या भिंतीत ओकचं एकही झाड नाही. ही नक्षी इथे आली कुठून आणि तिचा इथे उपयोग काय, हे मला समजून घ्यायचं होतं. ऐरोलीपासून डोंबिवलीपर्यंत पक्षी बघत फिरताना मी लेन्स कधी झाकून, कधी उघडी ठेवून पाहिली. त्यातून जे हाती आलं ते इथे मांडतो आहे.

नक्षीचं मूळ शिकारीत आहे. अमेरिकेत 1980च्या दशकात शिकाऱ्यांसाठी झाडाच्या सालीसारखे कापड-छाप निघाले. 1986 साली ‘रियलट्री’ सुरू करणाऱ्या बिल जॉर्डन यांनी आपल्या आईवडिलांच्या अंगणातल्या ओकच्या सालीवरून पहिली नक्षी काढली होती. कापडावरून हे छाप बंदुकीच्या दस्त्यावर आणि नळीवर गेले. तो छाप चढवण्याची कृती पाहण्यासारखी आहे. नक्षी छापलेली पातळ फिल्म पाण्यावर तरंगत ठेवतात, तिच्यावर रसायन फवारतात, फिल्म विरघळून शाईचा नुसता थर पाण्यावर उरतो. मग वस्तू हळूहळू त्यात बुडवली की पाण्याचा दाब शाईला प्रत्येक वळणाशी चिकटवतो. वरून बिनचमकीचा पारदर्शक थर दिला की काम पुरं होतं.

आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा 1972 साली आला आणि पुढे हौसेची शिकार संपली. तरी ही नक्षी मात्र इथे आली. शिकारीसाठी काढलेली ही पानं आता कॅमेऱ्याच्या लेन्सवर बसली आहेत.

दीडशे ते सहाशे मिलिमीटरची झूम लेन्स सुमारे दोन किलोंची असते. तिचं कव्हर एकसंध नसतं. निओप्रीनचे, म्हणजे पाणबुड्यांच्या पोशाखाच्या जाड रबरी कापडाचे, निरनिराळ्या मापांचे पट्टे असतात. आधी लेन्सच्या तोंडावरचं हूड काढायचं, पट्टे समोरून एकेक करून ओढून चढवायचे. फोकसची रिंग आणि झूमची रिंग स्वतंत्र फिरली पाहिजे, म्हणून दोन पट्ट्यांमध्ये बारीक फट ठेवायची. पट्टा जरा सरकला की झूम अडकतो आणि पक्षी उडून गेल्यावर ते लक्षात येतं. बटणांवर पारदर्शक खिडकी असते. शेवटी हुडावर वेगळी टोपी. इतकं सगळं चढवून झाल्यावरही लेन्सची समोरची गोल काच उघडीच राहते, कारण ती झाकून चालणारच नाही. सकाळच्या तिरप्या उन्हात सर्वांत जास्त लकाकते ती नेमकी हीच काच. तिला आवर घालतं ते खोल हूड, कव्हर नव्हे. ट्रायपॉडचे धातूचे पाय, मनगटावरचं घड्याळ, चष्मा हेही उघडेच असतात.

ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून निघणाऱ्या बोटीत तर या नक्षीचा प्रश्न आपोआपच निकालात निघतो. खाडीतलं रोहित पक्ष्यांचं अभयारण्य 2015 साली जाहीर झालं. त्याचं क्षेत्र सुमारे 1,690 हेक्टर आहे आणि 2022मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. भरती-ओहोटीचं गणित पाहून बोट सुटते. पाणी फार उतरलं तर बोट चालत नाही आणि फार चढलं तर चिखल बुडतो, मग रोहित दूर जातात. इंजिनाचा आवाज करत, रंगीबेरंगी कपड्यांतली माणसं घेऊन येणाऱ्या बोटीत एखादी लेन्स झाडासारखी दिसली काय किंवा पांढरी असली काय, पक्ष्याला बोटच दिसते. तरीही नावाड्याने इंजिन मंद केलं, बोट थव्याच्या रोखाने न नेता कडेकडेने नेली, तर रोहित मान खाली घालून चिखलातलं शेवाळ गाळत राहतात. बोट सरळ त्यांच्यावर घातली की आधी कडेचे पक्षी माना वर करतात, मग चालू लागतात, मग सगळा थवा उठतो. कॅमेऱ्यावर काय चढवलं आहे याचा त्यात कुठेच संबंध येत नाही.

याहून मोठा धडा मला डोंबिवलीजवळच्या भोपरच्या टेकडीच्या बाजूला मिळाला. उन्हाळ्यात तिथल्या खडकाळ माळावर टिटवी घरटं करते. घरटं म्हणजे जमिनीतला उथळ खळगा आणि भोवती चार खडे. मातकट अंड्यांवर काळसर ठिपके असतात, ती शेजारच्या दगडांत विरून जातात. मी पाहिलं ते अंड्यातून निघालेलं पिल्लू. ते माळावरून तुरुतुरु पळत होतं तोवर लांबूनही स्वच्छ दिसत होतं. डोक्यावर टिटवी ओरडली आणि ते जागच्या जागी जमिनीला चिकटून बसलं. त्या क्षणी ते दिसेनासं झालं. मी नजर हलवली नव्हती, तरी मला ते सापडेना. मी तिथूनच मागे फिरलो, कारण पुढचं पाऊल त्याच्यावर पडलं असतं.

पिल्लाच्या अंगावरचा रंग पळतानाही तोच होता. मग फरक पडला तो थांबण्याने. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ ह्यू कॉट यांनी 1940 साली प्राण्यांच्या रंगांवर मोठा ग्रंथ लिहिला. रंग आणि वागणूक यांची जोडी असेल तरच लपणं साधतं, हे त्यांनी उदाहरणांमागून उदाहरणं देऊन दाखवलं. रातवा पाचोळ्यात मिसळतो, कारण तो दिवसभर हलत नाही. ढोकरी बांधावर मान आखडून बसते तेव्हा मातीच्या ढेकळासारखी दिसते, पण उडाली की पंखांचा पांढराशुभ्र झोत लांबूनही डोळ्यांत भरतो. माणूस मात्र रंग उचलतो आणि स्तब्धता मागेच सोडून देतो.

पाहणाऱ्याच्या डोळ्याचाही विचार करायला हवा. हरणाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात. त्यामुळे त्याला नारिंगी आणि हिरवा फारसे वेगळे वाटत नाहीत. अमेरिकेत अनेक राज्यांत शिकाऱ्याला भडक नारिंगी जाकीट घालावंच लागतं, कारण दुसऱ्या शिकाऱ्याला तो दिसायला हवा. हरणाला ते जाकीट भडक वाटतच नाही. म्हणजे हातात पानांच्या नक्षीची रायफल, अंगात नारिंगी जाकीट आणि तरी शिकार होते. हरणाच्या बाबतीत रायफलीवरची नक्षी किती गरजेची आहे, याचं उत्तर या एका गोष्टीतच आहे. तिथल्या रानटी टर्की पक्ष्याची गोष्ट वेगळी, कारण पक्ष्यांचे डोळे रंग फार बारकाईने टिपतात. त्यांच्याकडे रंगपेशींचे चार प्रकार असतात आणि कित्येकांना अतिनील किरणंही दिसतात. कपडे धुण्याच्या पावडरीत शुभ्रपणासाठी जी द्रव्यं घालतात ती अतिनील किरणं शोषून निळसर उजेड बाहेर टाकतात. म्हणजे माणसाच्या डोळ्याला मातकट वाटणारा सदराही पक्ष्याला उजळ दिसू शकतो. शिवाय झपाट्याने होणारी हालचाल टिपण्यात पक्ष्यांचे डोळे आपल्यापेक्षा पुष्कळ तेज आहेत. आपल्या डोळ्यांना पटलेली नक्षी त्यांना पटेलच असं नाही.

मग कव्हर निरुपयोगी आहे का? तसं मुळीच नाही. खाडीच्या खाऱ्या, दमट हवेत ते लेन्सचं अंग सांभाळतं. लोकलच्या गर्दीत बसणारे धक्के ते झेलतं. काही मोठ्या लेन्स उन्हाने तापू नयेत म्हणून मुद्दाम पांढऱ्या केलेल्या असतात. अशी पांढरी लेन्स झुडपाआडून हलवली की चटकन नजरेत येते, तिथे कुठल्याही मंद रंगाचं कापड कामाला येतं. उजेड परावर्तित न होणं आणि नळीची सरळ रेघ थोडी मोडणं, एवढे दोन उपयोग खरे आहेत. पण त्यासाठी काही हजारांच्या परदेशी पानांची गरज नाही. शिंप्याकडून शिवून घेतलेली मातकट जाड्याभरड्या कापडाची पिशवीही तेच काम करते. याचा दाखला आपल्याच इतिहासात आहे. 1840च्या दशकात वायव्य सरहद्दीवर हॅरी लम्सडेन यांच्या ‘कोअर ऑफ गाइड्स’ या तुकडीने धुळीच्या रंगाचे, म्हणजे खाकी, कपडे घातले. त्या कापडावर एकही पान नव्हतं, तरी ते जगभरच्या सैन्यांनी उचललं.

कपड्यांच्या बाबतीत आणखी एक भान हवं. लष्करी छापाची पँट आणि टोपी घालून पहाटे खाडीकाठी दुर्बीण लावणारा माणूस गावकऱ्यांना आणि पोलिसांना काय वाटेल, याचा विचार करायला हवा. भारतीय लष्कराचा नवा गणवेश 15 जानेवारी 2022 रोजी लष्कर दिनाच्या संचलनात प्रथम दिसला. त्याच्या नक्षीचे हक्क लष्कराने आपल्याकडे नोंदवून घेतले आहेत. आपण सैनिक आहोत असं दुसऱ्याला वाटावं या हेतूने सैनिकासारखा पोशाख करणं गुन्हा आहे. पक्षिनिरीक्षकाला त्या छापाची काहीच गरज नाही. मळकट हिरवा किंवा तपकिरी साधा सदरा पुरतो.

कपड्यांच्या रंगापेक्षा वागणं महत्त्वाचं, हे डोंबिवलीच्या पश्चिमेला रेतीबंदरावर आणि मोठागावच्या काठावर रोज पाहायला मिळतं. होडीत काम करणारे लोक लाल, पिवळे, हवे ते कपडे घालतात, मोठ्याने बोलतात, तरी बगळे त्यांच्यापासून हाताच्या अंतरावर जाळ्यातल्या मासळीची वाट पाहत उभे असतात. त्यांना त्या माणसांचा नित्यक्रम ठाऊक असतो. माणूस आपल्या कामात आहे, आपल्याकडे रोखून येत नाही, हे त्यांना कळतं. मी तिथे कॅमेरा घेऊन सरळ चालत गेलो की तेच बगळे उडतात. एका जागी बसून राहिलो, नजर इकडेतिकडे ठेवली, हात हळू उचलला, तर थोड्या वेळाने तेच बगळे परत येतात. निळजे तलावाकाठीही हाच अनुभव आहे. काठावर बसून राहणाऱ्याच्या जवळ कमळपक्षी स्वतःहून चरत येतात.

पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांची सुरुवात मुंबईतच झाली. लहानपणी एअरगनने पाडलेली पिवळ्या गळ्याची चिमणी घेऊन ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले, तिथे डब्ल्यू. एस. मिलर्ड यांनी त्यांना पक्ष्यांचा संग्रह उघडून दाखवला आणि एका आयुष्याची दिशा ठरली. बंदूक ते दुर्बीण हा प्रवास आपल्याकडे असा घडला. त्या प्रवासात यशाची व्याख्या बदलली, हे आपण विसरता कामा नये. शिकाऱ्याला पक्षी टप्प्यात हवा असतो, पुढे त्याचं काय होतं हा प्रश्न त्याच्यापुढे नसतो. आपल्याला पक्षी जे करत होता तेच करत राहायला हवा.

म्हणून नक्षी चढवून पुढे सरकणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. झाडासारखी लेन्स आपल्याला अदृश्य झाल्याचा भास देते आणि त्या भासात आपण घरट्याजवळ, पिल्लांजवळ नको तितके जातो. तीच या नक्षीची खरी किंमत आहे आणि ती पक्षी मोजतो. कव्हर घ्या, लेन्स जपायला घ्या, साध्या मातकट रंगाचं घ्या. जवळ जाण्याचा परवाना म्हणून घेऊ नका. पक्ष्याने मान वर केली की थांबा, तो चालू लागला की मागे या. आपण नीट लपलो की नाही हे आरसा सांगत नाही, आपल्यासमोर निवांत चरत राहिलेला पक्षीच सांगतो.