पस्तिशीनंतरचे शंभर मीटर

पिंपरी, प्रतिनिधी : शाळेच्या क्रीडादिनी शंभर मीटरमध्ये पहिली आलेली, जिल्हा पातळीपर्यंत धडकलेली आणि पुढे आयटीआय, नोकरी व पाळ्यांच्या चक्रात स्पाइक्स माळ्यावर टाकलेली कितीतरी माणसे भोसरी, चिंचवड आणि चाकणच्या कारखान्यांत आहेत. खुल्या गटातील वेगवान धावपटूची कारकीर्द बहुधा तिशीच्या आसपास आटोपते. मास्टर्स ॲथलेटिक्समध्ये ती पस्तिसाव्या वर्षी सुरू होऊ शकते. तिचे गणित मात्र निराळे असते.

प्रौढांची पहिली जागतिक स्पर्धा १९७५ मध्ये टोरांटो येथे झाली. पस्तिशीपासून दर पाच वर्षांचा एक वयोगट असतो आणि स्पर्धेच्या पहिल्या दिवशी खेळाडूचे जे वय असेल, त्यावर त्याचा गट ठरतो. त्यामुळे एरवी नकोसा वाटणारा पन्नासावा वाढदिवस या धावपटूला हवाहवासा वाटतो, कारण त्या दिवशी तो नव्या गटातील सर्वांत तरुण स्पर्धक होतो. ज्यांच्या दाखल्यावर गुरुजींनी अंदाजाने १ जून ही तारीख लिहिली, त्यांना हे भाग्य कागदावरच्या हिशेबाने लाभते, एवढेच!

वयानुसार गोळ्याचे वजन घटते, अडथळ्यांची उंची कमी होते. पण शंभर मीटर मात्र शंभरच राहतात. एक सवलत आहे. वाकून, ठोकळ्यांना पाय लावूनच सुटण्याची सक्ती मास्टर्स गटात नाही. उभ्यानेही सुटता येते. गुडघे कुरकुरणाऱ्यांसाठी ही सोय मोलाची ठरते.

वेग नेमका कोठे हरवतो, याचा अभ्यास झाला आहे. पावलांची गती तुलनेने टिकून राहते, पण पावलाची लांबी घटते आणि पाय जमिनीवर अधिक काळ रेंगाळतो. झटपट आकुंचन पावणारे स्नायूतंतू वयाबरोबर बारीक होत जातात, हे त्याचे एक प्रमुख कारण. रोज सकाळी पाच किलोमीटर संथ धावून त्यांची झीज भरून निघत नाही. त्यासाठी वजन उचलण्याचे व्यायाम, उड्या आणि पूर्ण विश्रांती घेऊन मारलेल्या मोजक्या वेगवान धावा लागतात. आठवड्यातून दोन दिवस अशा धावा पुरेत. रात्रपाळी संपवून आलेल्या सकाळी तर त्या टाळलेल्याच बऱ्या, कारण अपुऱ्या झोपेनंतर मांडीच्या मागचा स्नायू दुखावला, तर अख्खा हंगाम हातचा जातो. या खेळात प्रतिस्पर्ध्यापेक्षा दुखापतच अधिक जणांना बाद करते.

सरावाच्या जागेची वानवा या पट्ट्यात तशी नाही. भोसरीच्या इंद्रायणीनगरात महापालिकेच्या संत ज्ञानेश्वर क्रीडा संकुलात सिंथेटिक ट्रॅक आहे. वाकडला लागून बालेवाडीचे शिवछत्रपती क्रीडा संकुल आहे; ते १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारले गेले आणि २०१३ मध्ये आशियाई ॲथलेटिक्स स्पर्धाही तेथेच झाली. खरी अडचण पाळीचे वेळापत्रक, रजा आणि पैसा यांची असते. प्रवास, निवास आणि प्रवेश शुल्क यांचा भार बहुतेकांना स्वतःच सोसावा लागतो.

म्हणूनच पदकाकडे डोळसपणे पाहायला हवे. जागतिक मास्टर्स स्पर्धेला पात्रतेची वेळ नसते. आपल्या देशाच्या संघटनेमार्फत पस्तिशीपुढील कोणीही नाव नोंदवू शकतो. चौकातल्या फलकावर ‘जागतिक स्पर्धेसाठी निवड’ असे वाचताना हे लक्षात ठेवावे. वरच्या वयोगटांत तर स्पर्धक मोजकेच असतात. चंडीगडच्या मान कौर यांनी २०१७ मध्ये ऑकलंड येथे वयाच्या १०१ व्या वर्षी शंभर मीटर ७४ सेकंदांत पूर्ण केले. भगवानी देवी डागर यांनी २०२२ मध्ये फिनलंडमधील तांपेरे येथे ९४ व्या वर्षी २४.७४ सेकंदांत सुवर्ण मिळवले. यांतील दुसरी वेळ किती असाधारण आहे, हे पदकापेक्षा घड्याळच अधिक स्पष्टपणे सांगते.

त्यासाठी वयसापेक्ष टक्केवारीची पद्धत वापरतात. एखाद्या वयाची प्रमाण वेळ १२ सेकंद धरली आणि धावपटूला १५ सेकंद लागले, तर त्याची कामगिरी ८० टक्के ठरते. वेळ वर्षागणिक वाढली तरी टक्केवारी टिकवता येते, प्रसंगी वाढवताही येते. चाळिशीनंतर दहा सेकंदांच्या आत धावणारा पहिला पुरुष किम कॉलिन्स. त्याने मे २०१६ मध्ये ९.९३ सेकंदांची नोंद केली, ती त्याच्या तारुण्यातील वेळांपेक्षाही सरस होती.

नव्याने उतरणाऱ्यांनी हृदयाची तपासणी करून घ्यावी, हे ओघाने आलेच. औषधांकडे मात्र पुष्कळांचे दुर्लक्ष होते. उत्तेजक द्रव्यांविषयीचे नियम प्रौढांनाही लागू आहेत. रक्तदाबाच्या अनेक गोळ्यांत लघवी वाढवणारा घटक असतो आणि तो प्रतिबंधित यादीत मोडतो. इन्सुलिनही त्या यादीत आहे. डॉक्टरांनी दिलेले औषध परस्पर बंद करू नये. त्याची चिठ्ठी आणि तपासणीचे अहवाल जोडून वैद्यकीय कारणास्तव सूट मिळवण्यासाठी अर्ज करता येतो आणि तो स्पर्धेच्या पुरेसा आधी करावा लागतो.