बिट होल्डर : किंमत कमी, जबाबदारी मोठी

ड्रिल मशीन विकत घेताना कारागीर दुकानदाराला दहा प्रश्न विचारतो. बिट घेताना दोन विचारतो. बिट होल्डरची वेळ आली की मात्र ‘कोणताही द्या’ म्हणून मोकळा होतो. ही बेफिकिरी किती महागात पडते, ते आम्ही आमच्याच घरी पाहिले. कपाटाच्या बिजागऱ्या बसवताना मिस्त्रींचा बिट निसटला आणि नव्या लॅमिनेटवर वीतभर ओरखडा उमटला. नवे दार त्यांना पदरमोड करून द्यावे लागले. त्यांनी दोष बिटला दिला. पण बिट चांगला होता. होल्डरचे षटकोनी भोक झिजून गोलसर झाले होते.

तेव्हा खरेदीआधी थोडी माहिती हवी. स्क्रूच्या बिटचा षटकोनी दांडा बहुधा पाव इंची, म्हणजे ६.३५ मि.मी. असतो. त्यात दोन जाती आहेत. पहिली २५ मि.मी.ची आखूड. दुसरी ५० मि.मी. किंवा त्याहून लांब, जिच्या दांड्याभोवती गोल खाच असते. इम्पॅक्ट ड्रायव्हरची पकड या खाचेतच अडकते. म्हणून त्या मशीनवर आखूड बिट वापरायचा असेल, तर मागे खाच असलेला होल्डर मध्ये लागतोच.

होल्डर बिटला तीन प्रकारे धरतो. नुसते लोहचुंबक असेल तर बिट झटपट बदलतो, पण स्क्रूमध्ये घट्ट अडकलेला बिट तिथेच राहून होल्डर हातात येतो. आत स्प्रिंगची कडी असेल तर पकड चांगली, मात्र बिट काढायला जोर लागतो. तिसरा सरकत्या कॉलरचा. कॉलर सरकवली की बिट सुटतो, सोडली की पकडला जातो. दिवसभर बिट बदलणाऱ्याने चार पैसे जास्त देऊन हाच घ्यावा.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. चुंबक लोखंडी स्क्रू धरून ठेवतो; पितळेचा, ॲल्युमिनियमचा किंवा फर्निचरमध्ये लागणारा नेहमीचा स्टेनलेस स्टीलचा स्क्रू त्याला चिकटत नाही. अशा कामाला स्क्रूभोवती पुढे सरकणारी नळी असलेला होल्डर उपयोगी पडतो. जिप्सम बोर्डाच्या फॉल्स सीलिंगसाठी खोलीची मर्यादा असलेला होल्डर मिळतो. स्क्रूचे डोके ठरावीक खोलीवर थांबते आणि बोर्डाचा कागद फाटत नाही. कागद फाटला की स्क्रूची पकडच जाते.

इम्पॅक्ट ड्रायव्हरवर साधा होल्डर लावू नये. या मशीनचे ठोके सोसण्यासाठी खास बनवलेलाच घ्यावा. साधा तडकू शकतो. ड्रिलच्या तीन जबड्यांच्या चकमध्ये होल्डर सरळ बसवून, चावी तिन्ही भोकांतून फिरवून आवळावा. हाताच्या मुठीच्या ड्रायव्हरला मात्र चांगला चुंबकी होल्डर पुरतो. पण वायरमन बंधूंना आमची कळकळीची सूचना आहे : हे सर्व होल्डर पोलादी असतात, विजेपासून संरक्षण देत नाहीत. आधी मेन स्विच बंद करावा, आणि विजेच्या कामाला १००० व्होल्टची खूण असलेला इन्सुलेटेड स्क्रू ड्रायव्हरच हाती घ्यावा.

मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर घ्या की गावच्या दुकानात, परीक्षा काउंटरवरच करावी. आपला बिट सोबत न्यावा. होल्डरमध्ये बसवून डावी-उजवीकडे हलवावा. डुगडुगला तर होल्डर परत करावा. दुकानदाराकडे मशीन असल्यास सावकाश फिरवून टोक पाहावे. टोक एका जागी न राहता वर्तुळ काढत असेल, तर होल्डर वाकडा आहे. गरजेपेक्षा लांब होल्डर घेऊ नये. लांबीबरोबर डुगडुग वाढते.

निगा फार नाही. चुंबकाच्या तळाशी लोखंडाचा कीस साचतो. मग बिट पूर्ण आत बसत नाही आणि ऐन कामात निसटतो. चिकटपट्टीचा तुकडा काडीच्या टोकाला गुंडाळून आत दाबला की कीस निघून येतो. आठवड्यातून एकदा एवढे करावे. भोकाचे कोपरे झिजलेले दिसताच होल्डर बाजूला टाकावा.

होल्डरचा खर्च एकदाच होतो, पण खराब झालेल्या दाराची भरपाई करूनही गिऱ्हाइकाच्या मनातली नाराजी जात नाही. कारागिराची खरी पुंजी त्याचे नाव असते. ते सांभाळायचे तर हत्यारांच्या पेटीतली ही बोटभर वस्तूही पारखूनच घ्यावी.