वकीलपत्र केव्हां सोडावें?

अशिलाला वकील बदलतां येतो, ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते; परंतु वकिलाला अशिलाची बाजू मध्येंच सोडतां येते काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. ज्याच्यावर तो प्रसंग गुदरतो त्याला मात्र भर नदींत नावाड्यानें वल्हें खालीं ठेवल्यासारखें वाटतें. या बाबतींत कायद्याची मर्यादा काय आहे, हें प्रत्येक सुशिक्षित कुटुंबानें समजून घेण्यासारखें आहे.

इ. स. १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टान्वयें बार कौन्सिलनें केलेल्या नियमांचा आशय असा कीं, एकदां पत्करलेलें काम वकिलानें सबळ कारणावांचून व अशिलास पुरेशी आगाऊ सूचना दिल्यावांचून साधारणतः सोडूं नये. सोडल्यास, जेवढ्या फीचें काम झालें नसेल तेवढी परत करावी. दिवाणी दाव्यांत बंधन याहून कडक आहे. तेथें दाखल झालेलें वकीलपत्र रद्द करावयाचें तर तें सहीनिशीं लेखी अर्जानें व न्यायालयाच्या परवानगीनेंच करावें लागतें. कारण उघड आहे. ऐन तारखेस वकील दिसेनासा झाला, तर दावा एकतर्फी निकालांत निघावयाचा आणि नुकसान अशिलाचें व्हावयाचें.

मग सबळ कारण तें कोणतें? अशील गैरमार्गाचा हट्ट धरून बसला, तर त्याची बाजू चालविण्याचें वकिलानें नाकारलेंच पाहिजे. तसेंच महत्त्वाच्या मुद्द्यावर वकील स्वतःच साक्षीदार ठरणार असें दिसूं लागलें, तर अशिलाच्या हिताला बाध न येतां बाजूस होतां येत असल्यास त्यानें व्हावें. फी थकली म्हणून मात्र कागदपत्रें अडवून ठेवतां येत नाहींत. मध्य प्रदेशांतील एका सहकारी बँकेच्या प्रकरणांत इ. स. २००० मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तसा स्पष्ट निर्णय दिला आहे. फीच्या वसुलीस कायद्याचे दुसरे मार्ग मोकळे आहेत.

सर्वांत बिकट प्रश्न निराळाच आहे. आरोपीनें वकिलाजवळ गुन्हा कबूल केला तर? इ. स. १८४० मध्यें लंडन येथें लॉर्ड विल्यम रसेल या वृद्ध उमरावाचा खून झाला व त्याचा नोकर कूर्व्हाझिए याच्यावर खटला चालला. खटला ऐन रंगांत असतां त्यानें आपले वकील चार्ल्स फिलिप्स यांस आपणच खून केल्याचें सांगितलें. तरी बचाव चालूं ठेवण्याचा आग्रह सोडला नाहीं. फिलिप्स यांच्या मनांत प्रथम काम सोडावें असें आलें. त्यांनीं न्यायासनावर बसलेले न्यायमूर्ति पार्क यांचा सल्ला घेतला. आरोपीची इच्छा असल्यास बचाव करणें व पुराव्यांतून निघणारे सर्व रास्त मुद्दे मांडणें हें तुमचें कर्तव्यच आहे, असें पार्क यांनीं सांगितलें. फिलिप्स यांनीं बचाव केला, आरोपी फांशीं गेला, आणि पुढें फिलिप्स यांच्यावर टीकेचा भडिमार झाला.

तरीहि तो सल्ला विचारांतीं योग्यच वाटतो. अशा वेळीं वकील उठून गेला असता, तर न बोलतांच त्यानें ज्यूरीला आरोपीचें गुपित सांगितलें असतें. भारतांतील नियमहि आरोपीच्या दोषाविषयीं वकिलाचें खाजगी मत कांहींहि असो, बचाव करावा असेंच सांगतात. आणि विश्वासानें कळलेली गोष्ट वकिली संपल्यावरहि गुप्त राखावी लागते. अर्थात् खोटी साक्ष उभी करण्याची मुभा यांत कोणालाहि नाहीं.

सारांश, वकिलाला वकीलपत्र सोडतां येतें. पण सोडतांना अशील निराधार होणार नाहीं, एवढी काळजी त्यानें घेतलीच पाहिजे.