घरातले यंत्र आणि मालकाची वही

'खासगीपणा' हा शब्द काढला की आपल्यातले पुष्कळ कार्यकर्ते हसतात. दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसे झोपतात, तिथे कसला आलाय खासगीपणा, असा त्या हसण्याचा अर्थ असतो. हा प्रश्न पांढरपेशांचा. ज्यांच्या दाराला कडी आहे, खिडकीला पडदा आहे, त्यांचा. आपल्यापुढे अन्न, नोकरी, अत्याचार असे प्रश्न असताना ही चैन कशाला? २०१७ साली सर्वोच्च न्यायालयात पुट्टस्वामी खटला चालू असताना खासगीपणाच्या हक्काविरुद्ध नेमका हाच युक्तिवाद झाला होता, की ही मूठभर उच्चभ्रूंची कल्पना आहे, गरिबाला तिचे काय? नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने तो नाकारला आणि खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. न्यायालयाने नाकारलेला युक्तिवाद आपल्या मनातून मात्र गेलेला नाही. सत्तेचा युक्तिवाद आणि आपले हसणे एकच निघावे, ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

मी समाजशास्त्र शिकवते. यंत्रांचा माझा अभ्यास नव्हता; संगणक विभागातल्या सहकाऱ्यांच्या मागे लागून तो केला. कारण घरातल्या यंत्रांविषयी जे वाचत गेले, त्यात मला आपल्याच इतिहासाच्या ओळखीच्या खुणा दिसू लागल्या.

आपल्या माणसांना खासगीपणा नव्हता तो जागा कमी होती म्हणून नव्हे. गावकुसाबाहेरच्या घरावर गावाचा हक्क होता म्हणून. वतनदार महाराला कामाचे तास नव्हते. रात्री-अपरात्री हाक आली की उठायचे, तो घरी नसेल तर घरातल्या दुसऱ्याने जायचे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले, तेव्हा या बिनतासांच्या, अख्ख्या कुटुंबाला जुंपणाऱ्या नोकरीवरच त्यांचे बोट होते. दुसरे उदाहरण त्याहून उघडे आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसांची रजिस्टरे तयार झाली. कोण कुठे राहतो, कुठे जातो, रात्री घरात आहे की नाही, याची वही. हजेरी द्यायची, परवान्याशिवाय हलायचे नाही. सोलापूरच्या तारेच्या कुंपणातली सेटलमेंट याच वहीवर चालली. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला, जमाती 'विमुक्त' झाल्या. पण वही ठेवण्याची सवय? १९६२ च्या खडकसिंग खटल्यात प्रश्न हाच होता. पुराव्याअभावी सुटलेल्या एका माणसाच्या घरावर उत्तर प्रदेशचे पोलीस रात्री येऊन तो घरात आहे का ते पाहत. न्यायालयाने रात्रीच्या भेटी रद्द केल्या, मात्र खासगीपणा हा घटनेने दिलेला हक्क नाही असेही सांगून टाकले. ते वाक्य पुसायला पंचावन्न वर्षे लागली.

म्हणजे आपला अनुभव असा सांगतो : ज्याच्याविषयी वही लिहिली जाते त्याला ती वाचता येत नाही, आणि जो लिहितो त्याच्याविषयी कुणीच लिहीत नाही. आता घरातल्या यंत्रांकडे येऊ.

जुना रेडिओ फक्त घेत असे. तुम्ही कोणते स्टेशन लावले, मध्येच बंद केले की शेवटपर्यंत ऐकले, हे आकाशवाणीला कळण्याचा मार्गच नव्हता. आजचा स्मार्ट टीव्ही, बोलणारा स्पीकर, फोनवरून लागणारा दिवा, दारावरचा कॅमेरा, फरशी पुसणारे यंत्र ही सगळी घेतातही आणि देतातही. त्यांच्यातले सॉफ्टवेअर ज्या कंपनीने लिहिले, तिच्या संगणकाशी ती दिवसभर बोलत असतात. कित्येक स्वस्त दिव्यांचे तर असे असते, की तुम्ही फोनवर बटण दाबले की हुकूम आधी दूरदेशीच्या कंपनीच्या संगणकाकडे जातो आणि तिथून तुमच्याच खोलीतल्या दिव्याकडे येतो. दिवा चार हातांवर, पण मध्ये कंपनी बसलेली. या धाडण्याला तंत्राच्या भाषेत टेलिमेट्री म्हणतात. एका निरोपात काय असते? यंत्राचा ओळख क्रमांक, वेळ, घराच्या इंटरनेट जोडणीचा पत्ता, आणि काय घडले : चालू झाला, बंद झाला, अमुक बटण दाबले, अमुक बिघाड झाला.

लोक म्हणतात, निरोप कुलूपबंद असतो ना? असतो. वाटेतल्या माणसाला तो वाचता येत नाही. पण पाकीट ज्याच्या नावावर आहे तो ते उघडणारच, आणि इथे पाकीट कंपनीच्याच नावावर आहे. आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत आम्ही एक टीव्ही आणि एक दिवा जोडून नुसते पाहिले, ही यंत्रे कोणाकोणाला हाका मारतात. पडदा काळा केल्यावरही टीव्हीच्या हाका थांबल्या नाहीत. आत काय लिहिले आहे ते आम्हाला वाचता आले नाही. विद्यार्थ्यांना धक्का बसला तो याचाच, की आपल्या टेबलावरच्या वस्तूचे बोलणे आपल्यालाच कळत नाही.

नुसत्या दिव्याच्या वेळांतून काय कळणार, असे वाटेल. महिनाभराच्या वेळा एकाखाली एक मांडून पाहा. घर कधी उठते, कधी निजते, रात्रपाळी कुणाची आहे, गावी कधी गेले, घर रिकामे कधी असते. एक नोंद निरुपद्रवी असते. रजिस्टर निरुपद्रवी नसते.

हे कल्पनेचे खेळ नव्हेत. अमेरिकेत विझिओ नावाची टीव्ही कंपनी २०१४ पासून पडद्यावर काय चालले आहे ते सेकंदासेकंदाला टिपत होती. तेथील व्यापार आयोगाने फेब्रुवारी २०१७ मध्ये हे बाहेर काढले तेव्हा १ कोटी १० लाख टीव्हींचा प्रश्न होता. कंपनी ही माहिती विकत होती. घराच्या जोडणीच्या पत्त्यावरून त्या घरातल्यांचे वय, लिंग, उत्पन्न, शिक्षण, लग्न झाले की नाही, घर स्वतःचे की भाड्याचे, अशी माहितीही जोडून घेतली जात होती. दंड किती? २२ लाख डॉलर. एका टीव्हीमागे वीस सेंट. ॲमेझॉनच्या ॲलेक्सा स्पीकरचे ध्वनिमुद्रण माणसे ऐकतात, हे २०१९ मध्ये उघड झाले. ऐकणाऱ्यांच्या तुकड्या ज्या देशांत होत्या त्यांत भारतही होता. मुलांचे आवाज आईबापांनी पुसायला सांगूनही ठेवून दिल्याच्या आरोपावरून २०२३ मध्ये त्याच कंपनीने २ कोटी ५० लाख डॉलर भरायचे मान्य केले. आणि २८ मार्च २०२५ पासून, आवाज बाहेर न पाठवता यंत्रातच समजून घेण्याची जी सोय अमेरिकेतल्या काही मॉडेलांवर होती, तीही काढून टाकण्यात आली. दिलेली सोय परत घेता येते, कारण यंत्र विकले तरी सॉफ्टवेअरची दोरी कंपनीच्या हाती राहते.

एक प्रकरण मला फार महत्त्वाचे वाटते. आयरोबोट कंपनीच्या रूम्बा या झाडू मारणाऱ्या यंत्राच्या चाचणी नमुन्यांनी २०२० मध्ये घराघरांतून छायाचित्रे घेतली. त्यांत शौचालयात बसलेली एक बाई होती. छायाचित्रांतल्या वस्तूंवर नावे चिकटवण्याचे काम दुसऱ्या कंपनीमार्फत व्हेनेझुएलातल्या मजुरांकडे गेले आणि तिथून काही छायाचित्रे समाजमाध्यमांवरच्या गटांत पोचली. डिसेंबर २०२२ मध्ये हे प्रसिद्ध झाले. कंपनीचे म्हणणे, चाचणी देणाऱ्यांनी संमतीवर सही केली होती. नंतर काही चाचणीदारांनी सांगितले की आमची दिशाभूल झाली. सही केली होती! या देशात आंगठा उठवून जमिनी गेलेल्यांना संमती म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको. आणि साखळीच्या तळाशी तुकड्यावर काम करणारा मजूर आहे, हेही विसरू नये. दोष द्यायला तो सर्वात सोपा सापडतो.

आता कुणी म्हणेल, यात जात कुठे आली? कंपनीच्या तक्त्यात जातीचा रकाना नसतो. नसेना का. बोलणाऱ्या स्पीकरला १४ एप्रिलच्या पहाटे कोणती गाणी लावायला सांगितली, ६ डिसेंबरला टीव्हीवर काय पाहिले, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला यंत्रे दोन दिवस बंद राहून फोन नागपुरात होता का, आडनाव काय, वस्ती कोणती. रकाना भरायला आणखी काय लागते? अमुक कंपनी हे करते असा माझा आरोप नाही. माझे म्हणणे इतकेच की जात ओळखण्याचे कसब या समाजात पिढ्यान् पिढ्या आडनावावर आणि पत्त्यावर चालत आले आहे, आणि आता त्याच्या हाती अशी सामग्री पडते आहे की विचारायचीही गरज उरू नये. घर भाड्याने देताना 'मूळ गाव कोणते' असा प्रश्न ज्यांना विचारला गेला आहे, त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही.

आपल्या घरात ही यंत्रे आहेत की नाहीत एवढ्यावर प्रश्न थांबत नाही. माझी आई तीस वर्षे दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी करीत आली, अजून दोन घरे करते. एका सोसायटीत तिला फाटकावर आपले आत जाणे फोनमधल्या ॲपवर नोंदवावे लागते. किती वाजता आली, किती वाजता गेली, किती खाडे झाले, सगळे त्यात. घरात शिरल्यावर ओट्यावर कॅमेरा. त्या ॲपच्या अटी तिला कुणी वाचून दाखवल्या नाहीत. तिच्या नावाने संमती सोसायटीने परस्पर देऊन टाकली. एकदा कॅमेऱ्यात पाहून बाईंनी तिला फोनवर विचारले, "मावशी, पाच मिनिटं बसलात का?" आई मला म्हणाली, "अगं, पाटलाचा माणूस निदान समोर तरी यायचा." मालकाच्या घरातले यंत्र मालकाची माहिती धाडते आणि मजुराचीही धाडते. फरक एवढाच की मालकाने ते विकत घेतले आहे, त्याला ते बंद करता येते.

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याची बाजूही ऐकली पाहिजे. हजारो घरांत हजार तऱ्हांची यंत्रे; कुठे काय मोडते ते कळल्याशिवाय दुरुस्त कसे करणार? हे खरे आहे. पण त्यासाठी किती माहिती लागते? होम असिस्टंट नावाचे एक मुक्त सॉफ्टवेअर आहे. ते घरातल्याच छोट्या संगणकावर चालते. त्याच्या कर्त्यांनी २०२१ मध्ये वापराची आकडेवारी मागायला सुरुवात केली, तेव्हा ती मुळात बंद ठेवली. तुम्ही स्वतः हो म्हटले तर, आणि जेवढ्याला हो म्हटले तेवढीच जाते; एकत्रित आकडे सर्वांना पाहायला खुले असतात. तरीही त्यांच्या वापरकर्त्यांत यावर वाद झालेच, आणि व्हायलाच हवेत. उलट मायक्रोसॉफ्टच्या विंडोज १० मधील टेलिमेट्रीवर २०१७ मध्ये नेदरलँडच्या नियामकाने कायदाभंगाचा ठपका ठेवला. मुख्य आक्षेप हा की काय गोळा होते ते वापरणाऱ्याला स्पष्ट सांगितलेले नाही. तेव्हा प्रश्न तंत्राच्या अपरिहार्यतेचा नाही. आधी विचारायचे की आधी घ्यायचे, एवढाच आहे.

आपल्याकडचा कायदा काय म्हणतो? डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. संमती मुक्त, विशिष्ट आणि समजून दिलेली हवी, असे तो सांगतो. सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत मिळण्याची सोय हवी, असेही सांगतो. म्हणजे मराठीत मागण्याचा आधार आहे. कार्यकर्त्यांनी हा मुद्दा हातात घ्यावा.

पण याच कायद्यातले दोनतीन खड्डे आपल्या पायाखालचे आहेत. व्यक्तीने स्वतःच्या वा घरगुती कारणासाठी वापरलेल्या माहितीला तो लागूच नाही. तेव्हा ओट्यावरच्या कॅमेऱ्याबद्दल घरमालकिणीला माझ्या आईने या कायद्याखाली काही विचारायची सोय नाही. कॅमेऱ्याच्या कंपनीला विचारता येईल, पण ती कंपनी कोणती हे आईला सांगणार कोण? सरकारला हव्या त्या आपल्या यंत्रणांना सूट देता येते. माहिती अधिकार कायद्यातील वैयक्तिक माहितीची तरतूद याच कायद्याने अधिक घट्ट झाली; शिष्यवृत्तीचे, रेशनचे, घरकुलाचे घोटाळे त्या कायद्याने उघडे पाडणाऱ्यांना त्याची झळ लागणार. आणि सर्वात बोचणारी गोष्ट : श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या मसुद्यात आणि २०१९ च्या विधेयकात 'संवेदनशील वैयक्तिक माहिती' असा वेगळा वर्ग होता, त्यात आरोग्य, धर्मश्रद्धा यांच्याबरोबर जात व जमातही होती. अशा माहितीला जास्त कडक संरक्षण मिळायचे होते. २०२३ च्या कायद्यातून तो वर्गच गेला. कायद्याच्या नजरेत आता माणसाची जात आणि त्याच्या आवडीची टीव्ही मालिका एकाच तोलाची. वर्तमानपत्रांत या कायद्यावर पाने भरून आली; या एका ओळीवर आपल्या नियतकालिकांनीही फारसे लिहिले नाही.

मसुद्यातला तो वर्ग परत आणा, आणि वापरणाऱ्याइतकाच ज्याची नोंद होते त्या कामगाराला, भाडेकरूला, पाहुण्यालाही विचारण्याचा हक्क द्या, या दोन मागण्या घरकामगार संघटनांच्या मागणीपत्रात आजच घालता येतील. विद्यार्थ्यांसाठी एक काम मी दरवर्षी देते : घरातल्या कोणत्याही एका ॲपच्या अटी मराठीत, आईला वाचून दाखवता येतील अशा, एका पानात लिहून आणा. गेल्या वर्षी चाळीसपैकी अकरा जणांनी आणल्या. बाकीच्यांनी सांगितले, मॅडम, शेवटपर्यंत वाचूनही कळले नाही. त्यांचे म्हणणे मी जसेच्या तसे नोंदवून ठेवले आहे.