लॅपटॉपची ड्राइव्ह नाहीशी होते तेव्हा

कपाटाची किल्ली कपाटातच राहिली आणि कुलूप लागले तर काय कराल? लिनक्सवर चालणारा संगणक सुरू होताना असाच पेच उभा राहतो. सारी कार्यप्रणाली ड्राइव्हवर साठवलेली. ड्राइव्ह वाचायला ‘ड्रायव्हर’ नावाचा छोटा प्रोग्रॅम हवा, आणि तो बहुधा ड्राइव्हवरच!

यावरची युक्ती मोठी गमतीची आहे. ‘ग्रब’ हा प्रोग्रॅम यंत्रातल्या कायमस्वरूपी फर्मवेअरच्या मदतीने दोनच फायली स्मृतीत आणतो. एक कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा. दुसरी ‘इनिट्रॅमएफएस’. ही कर्नलची शिदोरी समजा. तिच्यात जरुरीपुरते ड्रायव्हर बांधून दिलेले असतात. ते वापरून कर्नल ड्राइव्ह शोधतो.

प्रणालीची नवी आवृत्ती बसवताना नवा कर्नल येतो आणि त्याची शिदोरी नव्याने बांधावी लागते. नेमकी त्याच वेळी वीज गेली तर? कर्नल निघतो, पण उपाशी! पडद्यावर ‘अननोन ब्लॉक (०,०)’ अशी अक्षरे उमटतात आणि सारे ठप्प होते. शिदोरी अर्धवट असेल, तर ३२ अंक-अक्षरांचा ड्राइव्हचा ओळखक्रमांक दाखवून ‘असे काही अस्तित्वात नाही’ असा संदेशही येतो.

आमच्या महाविद्यालयातील एका विद्यार्थिनीच्या लॅपटॉपचे असेच झाले. दोलकाच्या प्रयोगाची दोन महिन्यांची मोजमापे त्यात होती, दुसरी प्रत नव्हती. ‘सगळे पुसून प्रणाली नव्याने बसवा,’ असा सल्ला तिला मिळाला होता. असा सल्ला देणारे नेहमी भेटतात! तो मानला असता तर मोजमापे गेलीच असती.

अशा वेळी ग्रबच्या यादीतून जुना कर्नल निवडून पाहावा. त्याची शिदोरी बहुधा शाबूत असते. तिच्या लॅपटॉपवर तोही चालेना. मग ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिनक्स घेऊन लॅपटॉप त्यावरूनच सुरू केला. पेनड्राइव्हवरच्या लिनक्सजवळ स्वतःचे ड्रायव्हर असतात. ‘एलएसबीएलके’ ही आज्ञा देताच ‘हरवलेली’ ड्राइव्ह आपल्या सर्व विभागांसह यादीत हजर! येथेही ती दिसली नसती, तर फर्मवेअरमधील रेड किंवा व्हीएमडी ही मांडणी तपासावी लागली असती, नाहीतर सैल जोडणी.

ड्राइव्ह आधी फक्त वाचण्यापुरती जोडली आणि मोजमापांची प्रत दुसरीकडे काढली. दुरुस्ती त्यानंतर. मग ड्राइव्ह लिहिण्यासाठी जोडून ‘सीएचरूट’ने तिच्यावरील प्रणालीत प्रवेश केला. ‘डीपीकेजी --कन्फिगर -ए’ने खंडित काम पुरे केले, ‘अपडेट-इनिट्रॅमएफएस’ने शिदोरी पुन्हा बांधली आणि ‘अपडेट-ग्रब’ने यादी ताजी केली. (या आज्ञा डेबियन व उबुंटूच्या, इतर लिनक्समध्ये त्या निराळ्या असतात.)

पेनड्राइव्ह काढून लॅपटॉप पुन्हा सुरू केला. या खेपेस कर्नलला ड्राइव्ह सापडली.