निजामी राजवटीतले बालपण
१९४८ पर्यंत हैदराबादजवळच्या कुकटपल्लीपासून औरंगाबादपर्यंतचा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. मराठी मुलांना वरच्या वर्गांत उर्दूतून शिकावे लागे. १९३८ मध्ये ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा आग्रह धरल्याबद्दल उस्मानिया विद्यापीठाने विद्यार्थ्यांना काढून टाकले. अनेकांनी नागपूर गाठले. १९४७-४८ मध्ये निजामाची बाजू घेणाऱ्या कासीम रझवीच्या सशस्त्र रझाकारांनी गावे लुटली, जाळली. मराठवाड्यातली कुटुंबे बैलगाडीत भांडीकुंडी आणि पोरेबाळे घालून संस्थानाबाहेरच्या सोलापूर-बार्शीकडे निघाली. मुलांची शाळा सुटली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतीय सैन्याला शरण आले. पण पाठोपाठ उसळलेल्या सूडात मुस्लिम कुटुंबे होरपळली, मुले पोरकी झाली. भारत सरकारने नेमलेल्या सुंदरलाल समितीने या हिंसेतील बळींचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला.